नवजात बाळांना गाठणाऱ्या जिवाणूचा जीनोम: वाचतात कसा आणि चुकतं कुठे

जन्मल्यावर काही तासांतच बाळ कण्हत श्वास घेऊ लागतं. बरगड्यांखाली खड्डे पडतात, दूध ओढत नाही, अंग कधी तापलेलं तर कधी गार. रक्ताचा नमुना कल्चरच्या बाटलीत जातो. बाटली पॉझिटिव्ह आली की त्यातला थेंब रक्त-अगारच्या प्लेटवर पसरतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे छोट्या, राखाडी-पांढऱ्या कॉलनी दिसतात. प्रत्येकीच्या कडेला लाल पेशी फुटून झालेलं अरुंद, पारदर्शक वलय असतं. हा स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिए, डॉक्टरांच्या बोलण्यातला ग्रुप बी स्ट्रेप किंवा जीबीएस. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्या जीबीएसची चर्चा झाली, तो गुइलेन-बॅरे सिंड्रोम हा नसांचा आजार होता. त्याचा या जिवाणूशी संबंध नाही. गोंधळ नको म्हणून पुढे या जिवाणूला ग्रुप बी स्ट्रेपच म्हणू.

जगभरात साधारण १८ टक्के गरोदर स्त्रियांच्या आतड्यात किंवा योनिमार्गात हा जिवाणू असतो, आणि त्यांना त्याचा काहीही त्रास नसतो. बाळंतपणात तो बाळापर्यंत पोचतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. प्रसूतीच्या वेळी अँटिबायोटिक दिलं नाही, तर अशा आयांच्या शंभरातल्या एखाद-दुसऱ्या बाळाला पहिल्याच आठवड्यात आजार होतो, त्यातही बहुतेकदा पहिल्या २४ तासांत. दुसरा प्रकार उशिराचा, सातव्या दिवसापासून ८९ व्या दिवसापर्यंतचा. त्यात मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचं, म्हणजे मेनिंजायटिसचं, प्रमाण जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात या जिवाणूमुळे वर्षाला सुमारे एक लाख बाळं दगावतात असा अंदाज दिला आहे. वाचलेल्यांपैकी काहींना ऐकू न येणं, फिट्स, वाढ मागे पडणं हे आयुष्यभर पुरतं.

आजारी बाळावर उपचार करायला कल्चरचा रिपोर्ट पुरतो: जिवाणू कोणता आणि तो कोणत्या औषधाने मरतो. जीनोमचा, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएचा, रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि बाळाला औषध आजच सुरू करावं लागतं. जीनोम उपयोगी पडतो तो पुढच्या प्रश्नांना. हे बाळ आणि शेजारच्या पाळण्यातलं बाळ यांचा जंतू एकच आहे का? लशीत जिवाणूभोवतीच्या ज्या कवचाचा समावेश आहे तेच कवच या जंतूला आहे का? औषधाला दाद न देणारं जनुक कुठून आलं? यातला नेमका कोणता प्रश्न आहे हे आधी ठरवलं नाही, तर मशीन अक्षरांचा ढीग देईल आणि त्या ढिगाचं काय करायचं ते कुणालाच कळणार नाही.

२००२: दोन जीनोम, आणि लगेच पडलेला पेच

या जिवाणूचे पहिले दोन संपूर्ण जीनोम २००२ साली प्रसिद्ध झाले. एक पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने वाचला. तो एनईएम३१६ हा वाण (एकाच जातीतला उपप्रकार), जीवघेण्या सेप्सिसमधून, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गातून, वेगळा केलेला, कवचाचा प्रकार ३. त्याची लांबी २२,११,४८५ अक्षरं. दुसरा अमेरिकेत रॉकव्हिल इथल्या द इन्स्टिट्यूट फॉर जिनोमिक रिसर्च या संस्थेने वाचला. तो २६०३व्ही/आर, कवचाचा प्रकार ५, लांबी २१,६०,२६७ अक्षरं. अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी हे डीएनएचे चार घटक.

तेव्हाची पद्धत सँगरची. डीएनएचे तुकडे करायचे, ते ई. कोलायमध्ये घालून वाढवायचे आणि प्रत्येक तुकडा टोकाकडून पाचशे-सातशे अक्षरं वाचायचा. प्रत्येक जागा सरासरी आठ वेळा वाचायची म्हटलं, तर २१.६ लाख गुणिले आठ, भागिले सहाशे, म्हणजे जवळपास २९ हजार वाचनं. त्यानंतर उरलेल्या फटी एकेक करून हाताने बुजवायच्या. एका जिवाणूवर मोठी टोळी महिनोन्‌महिने खपत असे.

एकाच जातीच्या दोन वाणांत सुमारे ५१ हजार अक्षरांच्या लांबीचा फरक निघाला. मग रॉकव्हिलच्या संस्थेने इटलीतल्या सिएना इथल्या लस-संशोधकांसोबत आठ वाण शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तो निबंध २००५ चा. आठही वाणांत सामाईक जनुकं सुमारे १,८०६, म्हणजे कुठल्याही एका वाणाच्या जीनोमचा साधारण ८० टक्के भाग. उरलेल्या २० टक्क्यांतली जनुकं एखाद्यात असतात, दुसऱ्यात नसतात. गणिताने असंही दिसलं की आणखी कितीही वाण वाचले, तरी प्रत्येक नवा वाण सरासरी ३३ नवी जनुकं घेऊन येईल. ‘ग्रुप बी स्ट्रेपचा जीनोम’ असा एकवचनी उल्लेख तेव्हापासून अपुरा ठरला. संपूर्ण जातीच्या जनुकसाठ्याला पॅनजीनोम म्हणण्याची पद्धत याच कामातून रूढ झाली.

त्याच वर्षी या आठ जीनोमांतून लस शोधण्याचा प्रयत्न झाला. पेशीच्या पृष्ठभागावर येतील अशी ५८९ प्रथिनं संगणकाने निवडली, त्यांतली ३१२ तयार करून उंदरांवर तपासली, आणि संरक्षण देणारी निघाली चार. त्या चारांतली तीन प्रथिनं पिलस नावाच्या केसासारख्या तंतूचे भाग निघाली. ग्रुप बी स्ट्रेपला असे तंतू असतात हेच तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. मात्र एकटं कुठलंही प्रथिन सगळ्या वाणांना पुरत नव्हतं. चौघं मिळूनच बहुतेकांना गाठत होती. एकच जीनोम हाताशी असता, तर यातलं काहीच उघड झालं नसतं.

आजचं काम: मशीनच्या आधीचा अर्धा भाग

आज एका दमात २४ किंवा ९६ वाण वाचता येतात. त्यामुळे मशीन हेच सगळं असा समज होतो. प्रत्यक्षात बिघडलेल्या जीनोमचं कारण बहुतेकदा प्लेटवर किंवा ट्यूबमध्ये सापडतं.

पहिली पायरी शुद्ध कॉलनी. रक्ताच्या नमुन्यात बाळाच्या त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस येऊ शकतो, आईच्या योनीमार्गाच्या स्वॅबमध्ये एन्टरोकॉकस बऱ्याचदा असतो. म्हणून एकटी उभी असलेली कॉलनी लूपने उचलायची, नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरायची, ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये १८ ते २४ तास ठेवायची, आणि हे पुन्हा एकदा करायचं. दुसऱ्यांदा पसरणं हाच टाळाटाळीचा टप्पा असतो आणि तिथेच घोळ होतो. वलयावरही पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण काही वाण वलय पाडतच नाहीत. कॅम्प किंवा लॅटेक्स या ओळख पटवणाऱ्या चाचणीने गट बी आहे याची खात्री करायची. मग १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठा करून ठेवायचा. जीनोममध्ये काही विचित्र दिसलं तर परत जायला तोच एक रस्ता असतो.

प्रश्न आईकडून बाळाकडे झालेल्या संक्रमणाचा असेल, तर आईच्या प्लेटवरची एक कॉलनी पुरत नाही. एका स्त्रीच्या अंगावर दोन वाण एकत्र नांदू शकतात. नेमका दुसराच उचलला गेला, तर ‘आईचा जंतू वेगळा आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. अशा वेळी पाच ते दहा कॉलनी घ्याव्यात.

पुढे डीएनए काढणं. ग्रुप बी स्ट्रेप ग्राम-पॉझिटिव्ह आहे आणि त्याची भिंत जाड असते. ई. कोलायला चालणारी साधी पद्धत वापरली, तर पेशी फुटतच नाहीत आणि शेवटी ट्यूबमध्ये जवळपास पाणीच उरतं. रात्रभर वाढवलेल्या टॉड-ह्युइट ब्रॉथमधले दीड मिलिलिटर घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी खाली बसवायच्या. त्या ट्रिस, ईडीटीए आणि ट्रायटन असलेल्या बफरमध्ये सोडायच्या, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम लायसोझाइम घालायचं, आणि सोबत म्युटॅनोलायसिन; दोन्ही भिंत फोडणारी एन्झाइमं. एकट्या लायसोझाइमला या भिंतीत बऱ्याचदा यश येत नाही. ३७ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवायचं. त्यानंतरच प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर अर्धा तास. हा क्रम उलटा झाला की काम फसतं: प्रोटिनेज के हे प्रथिनं पचवणारं आहे आणि लायसोझाइम स्वतः प्रथिनच आहे. भिंत फुटायच्या आधी ते घातलं, तर भिंत फोडणाराच संपतो.

दुसरी अडचण कवचाची. या जिवाणूभोवतीचं कवच शर्करेच्या लांब साखळ्यांचं असतं आणि ती साखळी डीएनएसोबत खाली येते. ट्यूबमधला द्राव चिकट लागतो, पिपेटच्या टोकाला तार धरतो, आणि प्रकाशशोषणाचं २६०/२३० गुणोत्तर दोनच्या बरंच खाली जातं. कॉलमवरची धुलाई एकदा वाढवावी. फरक पडला नाही, तर पेशी कमी घेऊन पुन्हा करावं. जास्त पेशी म्हणजे जास्त डीएनए, हा हिशेब इथे उलटा बसतो.

मोजमापाची चूक तर नेहमीची. प्रकाशशोषणावर चालणारा नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरवर जे जे शोषतं ते सगळं मोजतो, त्यात आरएनएही आलं. नॅनोड्रॉपवर मायक्रोलिटरला ८० नॅनोग्रॅम आणि फक्त डीएनए मोजणाऱ्या क्यूबिटवर १२, असं दिसलं तर १२ खरं धरायचं आणि आरएनए तोडणारं आरएनेज नीट लागलं नाही असं समजायचं. शेवटी डीएनए १० मिलिमोलर ट्रिसमध्ये उतरवावा. ईडीटीए असलेल्या बफरमध्ये उतरवला, तर पुढच्या पायरीतल्या एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम ईडीटीए धरून ठेवतं आणि लायब्ररी, म्हणजे मशीनसाठी तयार केलेल्या तुकड्यांचा संच, बनत नाही.

प्रत्येक बॅचमध्ये एक रिकामी ट्यूब ठेवायची. तिच्यात जिवाणू नसतो, बाकी सगळ्या पायऱ्या तशाच. शेवटी तिच्यातून काही वाचन निघालं, तर बफरमध्ये किंवा हाताळणीत भेसळ आहे हे कळतं.

लायब्ररी, मशीन आणि वाचनाच्या खोलीचा हिशेब

छोट्या वाचनाच्या मशीनसाठी, म्हणजे इल्युमिनासाठी, डीएनएचे काहीशे अक्षरांचे तुकडे करून दोन्ही टोकांना ठरावीक पट्ट्या जोडतात. नेक्स्टेरा एक्सटी किटमध्ये ट्रान्सपोझेस हे एन्झाइम कापणं आणि जोडणं एकदमच करतं. त्याला डीएनए लागतो एकूण १ नॅनोग्रॅम: मायक्रोलिटरला ०.२ नॅनोग्रॅम असे ५ मायक्रोलिटर. एन्झाइमचं प्रमाण ठरलेलं असतं. डीएनए दुप्पट झाला तर काप कमी पडून तुकडे फार लांब राहतात. अर्धा झाला तर चुरा होतो. वर मोजमापावर एवढा भर दिला तो यासाठीच.

मग चुंबकीय मण्यांवर सफाई. ८० टक्के इथेनॉल त्या दिवशी ताजं केलेलं हवं; उघडं राहिलेलं इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि तुकडे धुऊन नेतं. मणी वाळवताना चमक गेली की लगेच बफर घालायचा. मण्यांच्या थराला तडे गेले म्हणजे जास्त वाळलं, आणि मग डीएनए सुटत नाही.

खोलीचा, म्हणजे प्रत्येक जागा किती वेळा वाचायची याचा, हिशेब सोपा आहे. जीनोम २१ लाख अक्षरांचा, प्रत्येक जागा ५० वेळा वाचायची, म्हणजे साडेदहा कोटी अक्षरं. दोन्ही बाजूंनी १५० अक्षरं वाचली तर एका जोडीत ३००, म्हणजे साडेतीन लाख जोड्या. २४ वाणांना ८४ लाख. पण २४ नमुने समान मिसळले तरी वाचनं समान येत नाहीत. म्हणून सरासरी १०० पट धरून चालावं, तेव्हा सगळ्यांत मागे पडलेल्या नमुन्याला ४०-५० पट मिळते.

लांब वाचनाचं मशीन, म्हणजे ऑक्सफर्ड नॅनोपोर, एकेक रेणू छिद्रातून ओढून हजारो अक्षरं सलग वाचतं. झटपट बारकोडिंगच्या किटला नमुन्यामागे सुमारे २०० नॅनोग्रॅम लागतात, आणि डीएनए अखंड हवा. काचेच्या मण्यांनी पेशी फोडण्याची पद्धत छोट्या वाचनाला चालते, पण लांब वाचनासाठी तिने डीएनएचा भुगा होतो. कवचाची शर्करा उरली असेल तर छिद्रं बुजतात आणि काही तासांत चालू छिद्रांचा आकडा घसरत जातो. न्यूक्लिएजने धुऊन काही छिद्रं परत मिळतात, सगळी नाही.

लांब आणि छोट्या वाचनांत निवड कशी करायची? जीनोममध्ये काही भाग पुन्हा पुन्हा येतात. ग्रुप बी स्ट्रेपमध्ये रायबोसोमच्या आरएनएची जनुकं सात ठिकाणी आहेत, प्रत्येक गट पाच हजारांहून अधिक अक्षरांचा आणि सातही जवळपास सारखे. एखाद्या आरतीचा कागद कात्रीने पट्ट्यापट्ट्या करून कापला, तर नुसतं ध्रुवपद असलेली पट्टी कुठल्या कडव्यानंतरची हे सांगता येत नाही. कडव्याची शेवटची ओळ आणि ध्रुवपद दोन्ही असलेली लांब पट्टीच ते सांगते. १५० अक्षरांचं वाचन अशा भागात अडकतं. स्पेड्ससारखं जुळणीचं सॉफ्टवेअर तिथे थांबतं आणि जीनोम काही डझन तुकड्यांत मिळतो, ज्यांना कॉन्टिग म्हणतात. फ्लायसारखं सॉफ्टवेअर लांब वाचनांतून एकच बंद वर्तुळ देऊ शकतं. कवचाचा प्रकार, औषधरोधाची जनुकं आणि दोन वाणांतलं अंतर पाहायला तुकडे चालतात. एखादं जनुक कोणत्या फिरत्या घटकावर बसलं आहे हे पाहायचं असेल, तर लांब वाचनच घ्यावं.

जुळणी झाली म्हणून विश्वास ठेवू नका

संगणक चुकीच्या नमुन्यातूनही नीटनेटकी फाइल काढून देतो. तपासणी आपण करायची. ग्रुप बी स्ट्रेपच्या जुळणीची एकूण लांबी १९ ते २३ लाखांत असावी आणि जी व सी या अक्षरांचं प्रमाण ३५-३६ टक्क्यांच्या आसपास.

नुसत्या जी-सीच्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं आहे. भेसळ ई. कोलायची असेल तर तो आकडा लगेच वर चढतो, कारण त्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ आहे. पण एन्टरोकॉकस फीकॅलिसचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास असतं. तो मिसळला तर आकडा जेमतेम हलतो आणि लांबी मात्र ५० लाखांच्या घरात जाते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहायचे, आणि क्रॅकनसारख्या साधनाने प्रत्येक वाचन कोणत्या जातीचं आहे हेही तपासायचं.

याहून फसवी भेसळ एकाच जातीच्या दोन वाणांची. लांबी बरोबर, जी-सी बरोबर, जातही बरोबर. वाचनं संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या आधीच वाचलेल्या जीनोमवर, बसवून पाहिली की शेकडो जागी काही वाचनं ए म्हणतात आणि काही जी. शुद्ध जिवाणूत प्रत्येक जागी एकच अक्षर असायला हवं. असं दिसलं, तर साठवणीतली कुपी काढून पुन्हा एक कॉलनी उचलण्यावाचून गत्यंतर नाही. संगणकावर ते वेगळे करत बसू नये.

जीनोममधून काय वाचतात

पहिलं कवच. ग्रुप बी स्ट्रेपच्या कवचाचे दहा प्रकार आहेत: १ए, १बी आणि २ ते ९. ते बनवणाऱ्या जनुकांच्या गटावरून प्रकार ओळखता येतो. सध्या चाचण्यांमध्ये असलेली सहा प्रकारांची लस १ए, १बी, २, ३, ४ आणि ५ यांच्यावर बेतलेली आहे. त्यामुळे एखाद्या भागात कोणते प्रकार फिरत आहेत हे लस येण्याआधी ठाऊक असणं गरजेचं आहे. एक खबरदारी: जनुक आहे म्हणजे कवच आहेच असं नाही. मधलं एक अक्षर गळलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन बनत नाही. जीनोम प्रकार ३ म्हणतो आणि लॅटेक्स चाचणी काहीच म्हणत नाही, असं झालं तर त्या गटातलं प्रत्येक जनुक अखंड आहे का ते पाहावं.

दुसरं, घराणं. सात ठरावीक जनुकांच्या आवृत्त्यांवरून प्रत्येक वाणाला एसटी क्रमांक मिळतो. नवजात बाळांच्या बाबतीत एसटी-१७ महत्त्वाचा. तो बहुधा प्रकार ३ कवचाचा असतो आणि उशिराच्या मेनिंजायटिसमध्ये वारंवार सापडतो. त्याच्याकडे एचव्हीजीए नावाचं चिकटण्याचं प्रथिन असतं. ते आतड्याच्या आणि मेंदूभोवतीच्या पेशींना धरायला मदत करतं.

तिसरं, औषधरोध. पेनिसिलिन अजूनही या जिवाणूवर चालतं. प्रसूतीच्या वेळी आईला शिरेतून पहिली मात्रा ५० लाख युनिट आणि पुढे दर चार तासांनी २५ ते ३० लाख, ही अमेरिकेतली रूढ पद्धत त्यावरच उभी आहे. तरीही पीबीपी२एक्स या जनुकातले बदल पाहायचेच, कारण संवेदनशीलता कमी झाली तर ती तिथे दिसते. पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या आईसाठी क्लिंडामायसिनचा विचार होतो, आणि त्याला निकामी करणारी ईआरएम गटातली जनुकं बऱ्याच वाणांत आहेत. टेट्रासायक्लिनचा रोध देणारं टेट-एम तर माणसांतल्या बहुसंख्य वाणांत असतं. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासातून हे पुढे आलं की १९४८ पासून टेट्रासायक्लिनचा वापर वाढला, तेव्हा टेट-एम असलेली मोजकी घराणी तगली आणि जगभर पसरली. नवजात बाळांमध्ये या जिवाणूचा आजार १९६० आणि ७० च्या दशकांत वाढलेला दिसला, त्याचा एक धागा इथे असावा असं त्या संशोधकांना वाटतं.

दोन जीनोममधलं अंतर

हे काम सर्वांत नाजूक. ग्रुप बी स्ट्रेपचा जीनोम वर्षाला साधारण एक-दोन अक्षरं बदलतो. आई आणि बाळाचे नमुने एकाच आठवड्यातले असतील आणि संक्रमण आईकडूनच झालं असेल, तर फरक शून्य ते दोन-चार अक्षरांचा असेल. शेकडो अक्षरांचा फरक निघाला, तर जंतू दुसरीकडून आला.

पण हा जिवाणू दुसऱ्या वाणाकडून डीएनएचे मोठे तुकडे घेतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तब्बल ३,३४,००० अक्षरांपर्यंतचे तुकडे एका वाणातून दुसऱ्यात जाताना दिसले. असा एक तुकडा आला की एका घटनेत शेकडो अक्षरं बदलतात, आणि नुसती मोजदाद करणारा म्हणेल की हे वाण शतकभर दूरचे आहेत. म्हणून वाणांच्या वंशवृक्षाचं झाड काढायच्या आधी फरक जीनोमवर कुठे कुठे पडलेत ते पाहायचं. सगळीकडे विखुरलेले असतील तर ते वयाचे. एकाच पट्ट्यात दाटलेले असतील तर उसनवारीचे. गबिन्ससारखी साधनं असे पट्टे शोधून बाजूला काढतात. ‘दहा अक्षरांच्या आत म्हणजे एकच’ असा आकडा डोळे मिटून लावू नये.

संदर्भ जीनोमही जवळच्या घराण्यातला घ्यावा. एसटी-१७ चे वाण प्रकार ५ च्या जुन्या संदर्भावर बसवले, तर संदर्भात नसलेले भाग मुकाट गळून पडतात, आणि नेमके फरक तिथेच असू शकतात.

वॉर्डातल्या साथीत हे कसं कामी येतं याचं उत्तम उदाहरण दुसऱ्या जिवाणूचं आहे. केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमध्ये २०११ साली नवजात विशेष कक्षात सहा महिन्यांत १२ बाळांच्या अंगावर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सापडला. नेहमीच्या पद्धतींनी ती एकच साथ आहे हे ठामपणे सांगता येत नव्हतं. जीनोम वाचल्यावर २६ जण एकमेकांशी जोडले गेले. त्यात प्रसूतीनंतरच्या वॉर्डातल्या आया होत्या आणि बाहेरच्या वस्तीतले लोकही. कक्षाची संपूर्ण सफाई होऊनही साथ परत उगवली, तेव्हा एका कर्मचाऱ्याच्या अंगावर तोच वाण सापडला. त्या व्यक्तीवर उपचार झाले. अशा निष्कर्षाने कुणावर ठपका ठेवायचा नसतो. अंगावर जंतू वागवणाऱ्याला त्याची जाणीवच नसते, आणि नाव फुटलं तर पुढच्या वेळी कुणी स्वॅब देणार नाही.

आपल्याकडे हीच पद्धत, जिवाणू वेगळा

भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नवजात कक्षांत ग्रुप बी स्ट्रेपपेक्षा ग्राम-निगेटिव्ह जिवाणू जास्त दिसतात. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या मोठ्या अभ्यासात अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे आघाडीवर होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, काम करणाऱ्याला क्लेबसिएलाची ओळख करून द्यावी लागत नाही.

पायऱ्या त्याच, पण अडचणींच्या जागा बदलतात. क्लेबसिएलाची भिंत पातळ, म्हणून म्युटॅनोलायसिन लागत नाही. कवच मात्र इतकं जाड असू शकतं की कॉलनीला लूप लावून उचलला तर तार निघते, म्हणून पेशी कमी घेण्याचा नियम इथे दुप्पट कडक. जीनोम सुमारे ५५ लाख अक्षरांचा, जी-सी ५७ टक्के. त्यामुळे त्याच ५० पटीसाठी सव्वानऊ लाख जोड्या लागतात. ग्रुप बी स्ट्रेपचा हिशेब तसाच वापरला, तर खोली २० पटीच्याही खाली जाते. आणि कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकांना निकामी करणारी एनडीएमसारखी जनुकं इथे बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या छोट्या वर्तुळावर असतात. छोट्या वाचनांतून एनडीएम आहे एवढं कळतं. ते कोणत्या प्लास्मिडवर आहे, आणि तोच प्लास्मिड शेजारच्या बाळाच्या ई. कोलायमध्येही गेला आहे का, हे लांब वाचनाशिवाय सांगता येत नाही. वॉर्डात दोन वेगळ्या जातींचे जिवाणू आणि एकच फिरता प्लास्मिड अशी साथ असू शकते, आणि नुसती जिवाणूंची झाडं काढणाऱ्याला ती दिसणारच नाही.

राहिला मुद्दा नोंदींचा. जीनोमची फाइल सार्वजनिक संग्रहात जाते. भारतासाठी फरिदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. सोबत जावं ते एवढं: नमुना रक्ताचा की पाठीतल्या पाण्याचा, घेतल्याचा महिना आणि वर्ष, जिल्हा, बाळाचं वय दिवसांत, किती आठवड्यांचं जन्मलं, आणि बाळ त्याच रुग्णालयात जन्मलं की बाहेरून आणलं. नाव, केसपेपरचा नंबर, जन्मतारीख जाऊ नये. पाठीतल्या पाण्यातून थेट वाचन केलं असेल, तर त्यात बाळाचाच डीएनए भरपूर असतो. ती वाचनं फाइल पाठवण्याआधी गाळून टाकायची. आणि वयाची मोजणी लिहून ठेवायची. लवकरचा आजार म्हणजे ० ते ६ दिवस, यात जन्माचा दिवस शून्य धरलेला आहे. काही वॉर्डांत तो दिवस एक धरतात. तिथे ‘सातवा दिवस’ लिहिलेलं बाळ या मोजणीत सहाव्या दिवसाचं असतं. मोजणीची पद्धत लिहिली नाही, तर आईकडून आलेला लवकरचा आजार उशिराच्या यादीत जातो.